अकरा वर्षांत एक

बंदराच्या गर्दीच्या पाण्यात दोन जहाजं एकमेकांवर आदळण्याची शक्यता किती, हे मोजायचं माझं काम. ऑफिस नवी मुंबईत, पण आठवड्यातले तीन दिवस मी घरून, म्हणजे धसईहून करते. गेल्या वर्षी माझा आकडा आला, अकरा वर्षांत एक टक्कर. मी तो घरी चांगला मिरवला. त्याच्या जोरावर आईने माझ्या धाकट्या भावाला, शेखरला, त्याच बंदरातल्या लाँचवर नोकरीला जाऊ दिलं. "आमच्या वैष्णवीनं मोजलाय," असं ती गावभर सांगत सुटली. त्याच आकड्यावर बंदरवाल्यांनी लाँचना वाट करून देणारी गस्तीची बोट बंद केली.

परवा ती जुनी फाइल उघडली आणि माझी चूक दिसली. जहाजं आपली जागा यंत्राने सारखी कळवत असतात, त्या नोंदींवर आमचं सगळं गणित. त्यातल्या वीस मीटरहून लहान बोटींच्या नोंदी मीच गाळल्या होत्या. त्या सतत आडव्या-तिडव्या जातात, गणित बिघडवतात, म्हणून पाखडताना फोल उडवावं तशा उडवल्या. शेखरची लाँच चौदा मीटरची. त्या नोंदी धरून पुन्हा मोजलं, तर दोन वर्षांत एक. मोठ्या जहाजाला ओरखडाही येणार नाही, जाईल ती लाँचच. मूर्ख बाई मी, दुसरं काय!

साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अहवाल मंजूर झालाय, वैष्णवी. आता नव्याने मोजायचं तर बंदराला कारण लागतं. एखादा अपघात नोंदला गेला, की लगेच हातात घेऊ." मग मी थेट बंदराच्या कचेरीला लिहिलं. उत्तर आलं, कंपनीमार्फत कळवा.

शेखर सुट्टीवर आला होता. खळ्यावर भाताचे भारे झोडता झोडता मी त्याला सगळं सांगितलं.

"तू परत जाऊ नको रे," मी म्हणाले. मला रडू फुटलं.

"मी नाय गेलो तं माझ्या जागी आपल्या गावचा धोंडी जाईल. त्याचा नंबर लागलाय. त्याला तं पवता पण येत नाय."

"मग त्यालाही सांग, जाऊ नको म्हणून."

"सकाळीच सांगितला. तो बोलतो, तुझी ताय तं अकरा वर्षं बोललेली." त्याने भारा पुन्हा उचलला. "आईला काय बोलू नको."

दुपारच्या मुरबाड गाडीने तो गेला. मी फाट्यापर्यंत सोडायला गेले होते. गाडी वळणाआड झाली आणि मी तिथेच रस्त्यात हात जोडले. देवाकडे अपघात मागितला. लवकर होऊ दे, पण दुसऱ्या लाँचचा. त्या लाँचवरही कुणाचा तरी भाऊ असणार, हे मला कळत होतं. तरी मागितला.