पंखावरचं नाव

तुम्ही खोटं बोललात, साहेब. विमानतळाच्या ऑफिसातून चौकशीला येऊन, आमच्या ओटीवर बसून, आमचा चहा पिऊन खोटं बोललात. "उघाडी चालू आहे, पाणी भरतीचं होतं," असं तुम्ही म्हणालात तेव्हा आत माझ्या आयचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. खिळा ठोकायलासुद्धा सवड मिळाली नव्हती. तिचं बारावं व्हायचं होतं.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातला दरवाजा. ओहोटीला गावातलं पाणी त्यातून खाडीत जातं, भरती आली की तो आपोआप मिटतो. घरटी एक माणूस देऊन आमच्या लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. मग पलीकडं विमानतळाचं काम निघालं, मातीचे डंपर आले, बांधाच्या कडेनं निळे पत्रे उभे राहिले आणि पत्र्यांमागं वॉचमन बसला. त्या पावसाळ्यात गावातलं पाणी गेलंच नाही. आय फ्रिजचा प्लग काढायला गुडघाभर पाण्यात उतरली. तिथंच चिकटली.

माझा भाऊ विपुल न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनरची सीलं तपासतो. तो म्हणाला, "नमे, पत्र्याच्या आत सोडत नाहीत ना? मग वरून बघू."

ड्रोनवाल्या केतनला फोन केला. जागा कुठली ते ऐकल्यावर त्यानं "दादा, नंतर बोलतो" म्हणून ठेवून दिला. ते 'नंतर' अजून आलेलं नाही.

मग विपुलनं विमानच करायला घेतलं. पनवेलच्या स्टेशनरीतून फोम बोर्ड आणला, पोरं शाळेच्या प्रोजेक्टला नेतात तोच. दोन बाजूंना कागद, मध्ये फोम. वरचा कागद आणि फोम ब्लेडनं कापायचा, खालचा कागद सोडायचा, की झाली बिजागरी. पंख असा दुमडून गरम गोंदानं चिकटवायचा. पंख धडाला बांधायला चार दांड्या आणि खूप रबरबँडं, मागं शेपटी हलवायला काडेपेटीएवढ्या मोटरी, नाकावर पंखा आणि त्याच्याखाली छोटा कॅमेरा.

आमचे बाबा, गोटीराम, जन्मभर होड्या रंगवून दमलेला माणूस. आय गेल्यापासून ते घरात कुणाशी बोलत नव्हते. विमानापाशी मात्र येऊन बसायला लागले.

"यो पान्यान परला त इरघलंल."

"बाबा, ते पाण्यात नाय, हवेत जाणार आहे."

"हवेन त पाद पन जातं. परत येतं का?"

आय गेल्यावर आम्ही तेव्हा पहिल्यांदा हसलो.

विमान तयार झालं. विपुलनं दोन बोटांवर तोलून बघितलं, डुललं नाही. तो ड्युटीला गेला आणि मी बाजारातून आले तर बाबा ओटीवर पालथं विमान घेऊन बसलेले. होडीचा उरलेला लाल रंग थिनरनं पातळ करून पंखाखाली त्यांनी झोकदार अक्षरात लिहिलं होतं: गोजरा. माझ्या आयचं नाव. त्याच्या खाली गावाचं नाव, होडीवर असतं तसंच.

विपुल आला, बघत उभा राहिला.

"बाबा, आपण चोरून उडवणार आहोत."

"चोरून? आपलीच उघारी बघाला चोरून?"

"नाव पुसायला लागेल."

"आपली होरी बिननावाची कंदी पान्यान गेली हाय का? सांग ना. गेली हाय?"

विपुलनं फडकं हातात घेतलं होतं. ते त्यानं खांद्यावर टाकलं आणि तो जेवायला बसला.

रविवारी सकाळी आम्ही बांधावर गेलो. बाबांनी नारळ फोडला. विमान मी फेकलं, साहेब, माझ्या हातानं. ते खाली गेलं, सावरलं, पत्र्यांवरून आत शिरलं. वॉचमन मान वर करून बघत राहिला. लांबवर एक फेरी झाली. परत यायला वळलं तेव्हा डावा पंख मध्येच मिटला, पुस्तक मिटावं तसा. विमान पत्र्यांमागं पडलं.

बाबांची नजर अधू. विमानाबद्दल ते विचारत होते, "बघला का त्यानं? बघला का?"

दुसऱ्या सकाळी दारात पोलीस.

"गोजरा कोण?"

"माजी बायको," बाबा म्हणाले.

"बोलवा तिला."

बाबांनी फोटोकडं बोट केलं. हवालदारानं टोपी काढली. मग पुन्हा घातली आणि विपुलला घेऊन गेला.

मीही मागोमाग गेले. ठाण्यात टेबलावर पंख पडला होता. बाहेरचा कागद जसाच्या तसा, आयचं नाव झळझळीत. विपुलनं अंगठा दाबला तर तो आत गेला. बिजागरीच्या चिरेतून थिनर उतरून आतला फोम खाऊन गेला होता. आम्ही एकमेकांकडं बघितलं. बाबांना घरी सांगितलं, वारा लागला.

विमानतळाजवळ विमान उडवणं गुन्हा आहे म्हणता. आहे. विपुल नाकारत नाही. केस झाली म्हणून त्याचा बंदराचा पास अडकला, यार्डाच्या गेटातून आत सोडत नाहीत, तेही तो गुमान सोसतोय. फेकलं मी, तर माझंही नाव घाला.

पण त्या दिवशी ठाण्याच्या आतल्या खोलीत तुमच्या ऑफिसातली दोन माणसं लॅपटॉपपुढं बसली होती. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यालाच लावलेलं. मला दारात बघितल्यावर एकानं झाकण पाडलं. त्यात काय आहे ते आम्ही बघितलेलं नाही. तुम्ही बघितलंय. पंखावरच्या एका नावावरून रात्र उलटायच्या आत आमचं घर सापडतं, आणि एवढा भराव कुणी टाकला त्याचं नाव वर्ष झालं तरी सापडत नाही.

बाबा रोज ओटीवर तेच विचारतात, बघला का त्यानं? मला त्यांना काहीतरी सांगायचंय आणि आता आणखी खोटं सांगायचं नाही. ते काम तुमच्याकडं आहे.

त्या चित्रात उघाडी दिसते, की तिच्यावर माती दिसते? सांगा, साहेब. पुढची उधाणाची भरती यायच्या आत सांगा.