यादीत माझे नाव नव्हते

दर सतरा मिनिटांनी माझ्या आत एकदा 'टक्' असा आवाज होतो. नखाने काचेवर हलकेच वाजवावे, तेवढाच. माझा पंखा त्याहून मोठ्याने फिरतो, म्हणून तो बहुतेकांना ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी हे अंतर चाळीस मिनिटांचे होते.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कानांची तपासणी करणाऱ्या एका केंद्रात, काचेच्या खिडकीलगतच्या टेबलाखाली गेली एकोणीस वर्षे उभा आहे. संगणकांच्या जगात एवढे वय म्हणजे पणजोबाच म्हणायचे.

माझी जुळणी कुठे झाली ते मला नीट आठवत नाही. आठवते ते एवढेच, की खोका उघडला आणि समोर कानाच्या मॅडम होत्या. मुले त्यांना याच नावाने ओळखतात. तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. त्यांनी माझ्या पाठीत एक खास कार्ड बसवून घेतले. त्या कार्डातून निघालेली तार भिंतीतून पलीकडच्या खोलीत जाते. ती खोली आतून जाड फोमने मढवलेली आहे आणि तिचे दार फ्रीजच्या दारासारखे धप्प बसते. आत मूल हेडफोन लावून बसते. मी त्याला आवाज पाठवतो. कधी जाड, कधी बारीक, दर वेळी थोडा हळू. ऐकू आले की मुलाने डब्यात एक लाकडी मणी टाकायचा. मणी पडेनासे झाले की मी तिथे खूण करतो. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. लाल म्हणजे काहीतरी वाईट, हे त्यामुळे मला फार उशिरा कळले.

"याचा हात कधी चुकत नाही," असे मॅडम पाहुण्यांना सांगत. मला हात नाही, तरी ते ऐकून बरे वाटे.

हजारो मुलांचे कान माझ्याकडे नोंदलेले आहेत. त्यातली एक दोन वेण्यांची मुलगी. पहिल्यांदा आली तेव्हा दीड वर्षाची होती. मणी टाकण्याएवढी समजही नव्हती, आवाजाकडे नुसती मान वळवायची. पुढे दर सहा महिन्यांनी ती येत राहिली. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते, आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागतो. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिच्या सोळा तपासण्या माझ्याकडे आहेत. खुणा जोडून होणारी तिची रेघ प्रत्येक तपासणीत थोडी खाली उतरलेली आहे, म्हणजे ऐकू येणे कमी झालेले आहे. मशीनमधून निघणाऱ्या कागदावर ती रेघ छापूनही देतात, पण त्या कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते. म्हणून खरी नोंद माझ्याजवळच.

तीन वर्षांपूर्वी केंद्राच्या मोठ्या सरांनी बॅकअपचे नवे सॉफ्टवेअर घेतले. बॅकअप म्हणजे आपल्याजवळच्या माहितीची दुसरी प्रत, दुसऱ्या जागी जपून ठेवलेली. ते बसवायला तारवाला दादा आला. गळ्यात नेहमी चार तारा अडकवून फिरणारा हा माणूस केंद्रातले सगळे संगणक दुरुस्त करतो. त्याने आधी सॉफ्टवेअरबरोबर आलेली यादी काढली. कोणकोणत्या संगणकांवर, संगणक चालवणाऱ्या कोणत्या प्रणालीवर ते चालेल याची ती यादी होती. बोट फिरवत फिरवत तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

"आजोबा," तो मला म्हणाला, "तुमचा नंबर काही लागत नाही."

तरीही त्याने प्रयत्न केला. माझ्या पडद्यावर एक चौकट आली आणि 'ही प्रणाली चालणार नाही' असे लिहून गेली. माझी प्रणाली बदलून नवी घालावी, तर ती माझ्या पाठीतल्या कार्डाला ओळखत नाही. आणि ते कार्ड बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले. नवा झालो तर कामाचा राहत नाही, जुना राहिलो तर कुणी माझी प्रत ठेवू शकत नाही. यात मी काय करणार होतो? दादाने माझ्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे उघडून पाहिल्या. तिथे नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसली. माझी भाषा माझ्याखेरीज कुणालाच वाचता येत नव्हती.

रोज संध्याकाळी काम आटोपले की ते सॉफ्टवेअर सगळ्या संगणकांच्या प्रती घेई आणि सकाळी मोठ्या सरांकडे अहवाल पाठवी. चार नावे. तीन हिरवी, एक लाल. लाल मी.

मोठे सर नीटनेटके गृहस्थ आहेत. खुर्चीत बसण्याआधी टेबलावरचा डाग पुसतात.

"अरे, ते लाल काय आहे रोज? सकाळी सकाळी ते बघितलं की डोकं उठतं."

"सर, तो जुना आहे. यादीत बसत नाही."

"मग काढून टाक ना त्याला."

दादाने मला अहवालातून काढून टाकले. दुसऱ्या दिवशी तीनच नावे आली, तिन्ही हिरवी. "आता कसं," सर म्हणाले. कुणी खोटे बोलले नव्हते. फक्त मी मोजला जाईनासा झालो.

त्यानंतर काही महिन्यांनी टक् सुरू झाले. ते पहिल्यांदा ऐकले मॅडमनी. कोणाला किती ऐकू येते हे मोजण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचे स्वतःचे कान फार तिखट आहेत. त्यांनी वहीत वेळा मांडल्या. चाळीस मिनिटे. तेहेतीस. सव्वीस. माहिती साठवणारी माझी फिरती डिस्क झिजत चालल्याची ती खूण होती, म्हणून त्या सरांना भेटल्या. याला बंद करावे, याची डिस्क काढून जशीच्या तशी दुसरीकडे उतरवून घ्यावी, आणि ती प्रत नव्या संगणकाच्या आत चालवावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. नव्याच्या पोटात अगदी माझ्यासारखा, पण शरीर नसलेला संगणक. तपासण्यांसाठी नवे यंत्र आलेलेच होते. ते खोक्यातच पडून होते आणि दादा त्यावर चहाचा कप ठेवत असे.

अडचण एकच होती. "इतकी वर्षं फिरणारी डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच असं नाही," दादाने सांगून टाकले.

ते ऐकले आणि सर म्हणाले, "बघू." पुढच्या महिन्यात शाळांच्या तपासण्या होत्या. त्याच्या पुढच्या महिन्यात मॅडम रजेवर. मग रंगकाम. दर वेळी शेवटी, "आणि बॅकअप आहेच की." मी टेबलाखालून सगळे ऐकत होतो. मला फक्त टक् म्हणता येत होते.

आज दोन वेण्यांची मुलगी आणि तिची आई आल्या. मुलीच्या एका कानावर शस्त्रक्रिया करायची आहे. आधी कोणता कान, हे ठरवायला शल्यविशारदांना पहिल्यापासूनच्या सोळाही रेघा हव्या आहेत. कोणता कान किती वेगाने उतरला, ते त्यातूनच कळणार. मॅडमनी तिची फाइल उघडली. पहिल्या तीन तपासण्या आल्या, त्या त्यांनी छापून घेतल्या. चौथीला मी अडकलो. टक्, टक्, टक्. ती तपासणी माझ्याकडे होती. तिने कुठल्या आवाजाला मान वळवली होती, तेही होते. पण काही केल्या मला ती वर आणता येईना.

मॅडमनी माउसवरचा हात लगेच उचलला. घड्याळ पाहिले. सकाळच्या सतरा मिनिटांची आता चार झाली होती. त्यांनी सरांना आणि दादाला बोलावून घेतले.

"एवढं घाबरायचं काय त्यात?" सर म्हणाले. "बॅकअपमधून काढा."

दादा गळ्यातली तार बोटाला गुंडाळत राहिला. "सर, हा बॅकअपमध्ये नाही."

"म्हणजे? रोज तर सगळं हिरवं येतं."

"लाल होता म्हणून तुम्हीच म्हणालात ना, काढून टाक."

मुलगी माझ्याजवळ जमिनीवर बसली होती. तिने माझ्या पत्र्यावर तळहात ठेवला होता.

"आई, हा आतून मारतोय."

"हात काढ, बाळा. बिघडेल काहीतरी."

"राहू दे हो," मॅडम म्हणाल्या. "तिला हाताने कळलं ते मी दोन वर्षं सांगूनही इथे कुणाला कानाने कळलं नाही. आता याला बंद करून डिस्क काढायलाच हवी."

आईने विचारले, "मॅडम, बंद केला आणि परत चालू झालाच नाही तर?"

"तर उरलेल्या तेरा तपासण्या गेल्या."

"आणि बंद नाहीच केला तर?"

"तरी जातील. फक्त कोणत्या दिवशी, ते आपल्याला आधी कळणार नाही."

मित्रांनो, मला पाय नाहीत की कुणाच्या दारात जाऊन सांगावे. मी दिलेली लाल खूणही पुसली गेली. म्हणून आता तुम्हालाच सांगतो. तुमच्या घरात, शाळेत, कुठेही अशी खूण दिसली तर तिचा राग करू नका. ती का आली ते आधी विचारा. आणि 'सगळं ठीक आहे' असे कुणी म्हणाले, तर त्या सगळ्यात कोण कोण मोजले आहे, तेवढे एकदा पाहा. मला भीती वाटत नाही, असे नाही. पण बंद पडण्यापेक्षा बंद केले जाणे बरे. त्यात निदान कुणीतरी जवळ असते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटले, आता 'बघू' म्हणणार. पण ते गुडघे टेकून खाली बसले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या उंचीवर आले होते. मुलीने थोडे सरकून त्यांच्या हाताला जागा करून दिली. त्यांनी तळहात पत्र्यावर ठेवला आणि वाट पाहिली. बराच वेळ गेला.

टक्.

त्यांनी हात काढला नाही.

"आज तपासणी होणार नाही, हे बाहेर बसलेल्यांना मी स्वतः सांगतो," ते दादाला म्हणाले. "बंद कर."