रंगवलेले तवे

मित्रांनो, मी ट्रॅक्टरमागे चालणारा, तीन तव्यांचा, म्हणजे माती कापणाऱ्या गोल पात्यांचा, जुना नांगर. मोंझे गावच्या शिवारात मला सगळे ओळखतात. कारखान्यातून आलो तेव्हाचा माझा रंग आता कुणालाच आठवत नाही. पण माझे तवे मातीने घासून आरशासारखे लखलखत. तोच माझा मान होता. हंगाम संपला की धनी त्यांना इंजिनचं जळकं तेल चोपडायचा, सांध्यांत ग्रीस भरायचा आणि मला आंब्याखाली विटांवर ठेवायचा.

मग धनी वारला. त्याची बायको बिना लुयांडो, म्हणजे लुयांडोची आई. तिने नवऱ्याच्या आठवणीसाठी मला नखशिखांत लाल रंग दिला. तवे रंगवले, ग्रीस भरायची भोकंही रंगाने बुजली. शेजारचा ट्रॅक्टरवाला मुनकोंबे बघून म्हणाला, "अगं शेळे, याच्या तोंडालाही रंग फासलास? आता हा खाणार कसा?"

सगळे हसले. मीही मनातून हसलो. ती शेळीच्या कुळातली, तो तरसाच्या. आमच्याकडे अशा कुळांनी एकमेकांची टवाळी करायचीच असते, आणि ती कुणी खरी धरत नाही.

"तरसाला सदा खाणंच सुचतं," ती म्हणाली, आणि विषय संपला.

पाऊस झाला. मुनकोंबेचा ट्रॅक्टर तिला एकच दिवस मिळणार होता, पुढे दुसऱ्यांची शेतं होती. मी जमिनीत उतरलो आणि ओली माती रंगाला चिकटून बसली. तवे कापेनात, नुसते वरून घसरू लागले. दुपारी मधल्या तव्याचं कोरडं बेअरिंग किंचाळलं आणि जागीच जाम झालं. अर्धं शेत पडीक राहिलं. तिचा वर्षाचा मका त्या शेतावरच अवलंबून होता.

बांधावर सारा गाव बसला होता. मला वाटलं, त्याच चिखलात गडप व्हावं.

बिना लुयांडो मुनकोंबेसमोर उभी राहिली. "बोल की आता. तुझा हक्क आहे."

त्याने विटेचा तुकडा उचलला आणि माझ्या तव्यावरचा रंग खरवडायला बसला. टोमणा मी सोसला असता, मित्रांनो. त्याचं ते खरवडणं सोसवलं नाही.

मधला तवा काढावा लागला; आता मी दोनच तव्यांवर चालतो. मला नटवू नका. सांध्यांत ग्रीस भरा, तव्यांना तेल लावा. आणि टवाळ माणूस काय म्हणाला, ते हसून झाल्यावर एकदा आठवून बघा. यंदा मुनकोंबे पुन्हा चिडवायला आला, तेव्हा बिना लुयांडोने आधी ग्रीसचा डबा आणला, मग त्याला उत्तर दिलं.