एक रिंग

शीतगृहाचा जाड दरवाजा ढकलून तो चहासाठी बाहेर आला, तेव्हा खिशातला फोन दोनदा थरथरला. आत रेंज नसे. कुणाचे फोन येऊन गेले ते बाहेर आल्यावरच कळे. दोन्ही मिस्ड कॉल बायकोचे होते.

दुपारची गोळी घेतली की ती एक रिंग द्यायची. एक रिंग म्हणजे सगळं ठीक, उलट फोन करायची गरज नाही. दोघांचं हे जुनं ठरलेलं होतं.

"वहिनींची गोळी झाली का?" बरोबर काम करणाऱ्याने विचारलं; कायम लोकरी टोपीत असायचा म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणत.

"आज दोनदा रिंग दिलीय. दिल्याचं विसरली असेल."

"बघा हं, गोळीपण दोनदा घ्यायच्या."

दोघे हसले. चहा संपवून तो आत गेला.

संध्याकाळी बाहेर आला तर फाटकाशी मेव्हणी उभी होती.

"ताई गेली, भावजी," ती म्हणाली. "दुपारीच. फोन हातातच होता."

कामावर परतल्यावर त्याने साहेबांकडे एकच गोष्ट मागितली. आत रेंज हवी. साहेबांनी आधी आढेवेढे घेतले, मग त्याच्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

तंत्रज्ञाने छतावर अँटेना बसवला, आत भिंतीवर एक पांढरी डबी ठोकली.

"आता फोन सारखा रेंज शोधत बसणार नाही. बॅटरीही दिवसभर टिकेल," तो म्हणाला. "आत जाऊन कुणाला तरी लावून बघा, काका."

पेट्यांच्या मागे, अगदी शेवटच्या कोपऱ्यात जाऊन त्याने हातमोजा काढला. कॉलची यादी खाली, बरीच खाली सरकवली. तिच्या लाल अक्षरांतल्या नावावर बोट ठेवलं.

"लागला का?" दारातून तंत्रज्ञ ओरडला.

"लागला."

"आवाज येतोय नीट?"

"रिंग स्वच्छ येतेय. कुणी उचलत नाही."

"मग दुसऱ्या कुणाला लावा ना."

टोपीने तंत्रज्ञाच्या दंडाला धरलं. "झालं हो तुमचं काम. चला, चहा घ्या."

रिंग आपोआप थांबेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

घरी तिचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत चार्जिंगला होता. कामाला निघताना तो रोज लावून जाई. पडद्यावर आलं होतं : 'अहो. एक मिस्ड कॉल.'

त्याने चार्जर काढला. थोड्या वेळाने परत लावला.

तिचा नंबर बंद करायचा अजून राहिला आहे.