निळी दोरी आणि सगळ्यांचा एकच शेजारी

मी एक जुनी निळी नायलॉनची दोरी आहे. खरं सांगायचं तर आता अर्धीच उरले आहे. माझा दुसरा अर्धा भाग कुठे आहे आणि काय बांधून बसला आहे, ते पुढे येईलच.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. नायलॉनचे दाणे वितळवून त्यांचे केसासारखे तंतू ओढले, तंतूंचे तीन पेड केले आणि त्यांना पीळ देऊन मला वळलं. प्रत्येक पेड स्वतःभोवती एका बाजूला पिळलेला असतो आणि तिन्ही मिळून उलट बाजूला. त्यामुळे सुटायला निघालेल्या एका पेडाला उरलेले दोन धरून ठेवतात. माझी सगळी ताकद एवढीच.

हार्डवेअरच्या दुकानातून मला एका तरुण सरांनी विकत घेतलं. "कपडे वाळत घालायला ना?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, वाक्यं."

दुकानदाराने त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. "मग चिमटे जास्त घ्या. वाक्यं वाऱ्याने लवकर उडतात."

सरांचा इंग्रजीचा क्लास सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, एका लांबट खोलीत होता. त्यांनी मला या भिंतीच्या खिळ्यापासून त्या भिंतीच्या खिळ्यापर्यंत बांधलं. त्याआधी काडी पेटवून माझी दोन्ही टोकं हलकेच वितळवली आणि ओल्या बोटाने गोल केली. कापलेली दोरी तशीच सोडली तर तिचे तंतू सुटत जातात. सरांचं बोट चांगलंच भाजलं. ते तोंडात घालून सर मला म्हणाले, "आता नाही सुटायचीस." मला ते वचनच वाटलं.

क्लासला येणारी सगळी मोठी माणसं होती. दिवसभराचं काम उरकून यायची आणि लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची. प्रत्येकाला कसल्या ना कसल्या कारणाने वर्षातून एकदा होणारी तीच एक परीक्षा द्यायची होती आणि तिच्यात इंग्रजीतून एक छोटा लेख लिहायचा होता. एक बसचे ड्रायव्हरकाका होते. एक हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करणारी बाई होती. वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत, म्हणून क्लासमध्येही ती मावशीच झाली. तिला परिचारिकेच्या मदतनिसाचं शिक्षण घ्यायचं होतं. अंगात कसब होतं, आडवा येत होता तो इंग्रजीचा लेख. वयाची अट पाहता तिच्या हातात दोनच वर्षं होती, म्हणजे दोनच परीक्षा.

सर शिकवत ते माझ्यावर. लेखाचा एकेक भाग कागदाच्या एकेका पट्टीवर लिहायचा आणि चिमट्याने मला लावायचा. पहिल्या खिळ्याजवळ, मला काय म्हणायचं आहे ती पट्टी. दुसऱ्या खिळ्याजवळ, त्यातून काय निघालं ती. मध्ये कारण, आणि बरोबर मधोमध उदाहरण. "उदाहरण डोळ्यांनी पाहिलेलं हवं," सर सांगत. "ऐकीव नको, छापील नको."

मित्रांनो, दोरीवर वजन टांगलं की ती कितीही ताणा, पूर्ण सरळ होत नाही. आणि तेच वजन मधोमध टांगलं तर झोळ सर्वांत जास्त पडतो. सर मला हाताने हलवून दाखवत आणि म्हणत, "लेखाचंही असंच. खिळे पक्के हवेत, आणि मध्ये काहीतरी जड हवं."

मग एखादी पट्टी काढून विचारत, "ही काढली. कोणाचं काही बिघडलं?" बिघडलं नसेल तर ती परत लागत नसे. काकांच्या लेखात 'रस्त्यावर फार गर्दी असते' हे वाक्य तीन पट्ट्यांवर होतं.

"सर, तीनदा लिहिलं की जोर येतो."

"काका, तीनदा हॉर्न दिला की रस्ता मोकळा होतो का?"

"आमच्या मार्गावर होतो."

खोली हसली, काकाही हसले, आणि दोन पट्ट्या टोपलीत गेल्या.

एकदा विषय होता, लहान काम. मावशीने पहिली पट्टी लावली : लहान कामंही महत्त्वाची असतात.

"कुठे पाहिलंत, मावशी?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "आमच्या वॉर्डात औषधांची ट्रॉली आहे. तिचं एक चाक किरकिरायचं. दुपारी डोळा लागलेले पेशंट दचकून जागे व्हायचे. कोणी लक्ष देईना. मीच घरून तेल नेऊन घातलं. पण हे काय लिहायचं, सर? चाकाला तेल!"

"हेच लिहायचं."

तिने लिहिलं. अक्षर मोठं, वाक्यं तोकडी, दोन ठिकाणी खाडाखोड. पट्टी माझ्या मधोमध लागली आणि सरांनी ती मोठ्याने वाचली. मग काकांना राहवेना. "एखाद्याला तरी लागली का हो झोप?"

"कोपऱ्यातले आजोबा घोरायलाच लागले की!"

सर म्हणाले, "ऐकणाऱ्याने पुढचं विचारलं, म्हणजे पट्टी जमली." त्या दिवशी मावशी जिना उतरताना तेच इंग्रजी वाक्य पुटपुटत गेली. मला इतका अभिमान वाटला, की कपड्यांच्या दोऱ्यांची मला कीवच आली.

पण रस्त्यापलीकडे एक नवा क्लास निघाला. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं : तयार लेख, पास होण्याची हमी. आमची बाकं रिकामी होऊ लागली. सर खिडकीशी उभे राहून ती पाटी वाचत. किती वेळा वाचायची एक पाटी! मला वाटायचं, चुका शोधत असतील. ते शिकत होते.

एका संध्याकाळी ते झेरॉक्सचा जाड गठ्ठा घेऊन आले. सगळ्यांना तोच एक लेख. त्यात जागोजागी गाळलेल्या जागा होत्या. परीक्षेत जो विषय येईल तो तिथे भरायचा. मध्ये उदाहरणही तयार : माझा एक शेजारी दुकानदार होता. त्याच्या आयुष्यात अमुक नव्हतं, म्हणून त्याचं दुकान बुडालं.

"सर, माझ्या शेजारी कोणी दुकानदार नाही," मावशी म्हणाली. "एका बाजूला जिना आहे, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी."

"परीक्षक तुमच्या घरी चहाला नाही येणार, मावशी."

"आणि माझं चाक?"

"चाकाचं इंग्रजी ऐनवेळी चुकलं तर? हा लेख पाठ करा. चुकायला जागाच नाही. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"तुमच्यावर नाही ठेवायचा तर कोणावर?" मावशी म्हणाली आणि गठ्ठ्यातला कागद घेतला.

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "मग आज पट्ट्या नाहीत?"

"काका, दोरीने कोणी पास होत नाही," सर म्हणाले. ते माझ्याच खिळ्याला टेकून उभे होते.

त्यानंतर त्यांनी मला उतरवलं. कात्री आणली आणि मधोमध कापलं, जिथे चाकाची पट्टी लागली होती तिथेच. एका तुकड्याने झेरॉक्सचा एक गठ्ठा बांधला, दुसऱ्याने दुसरा. काडी पेटवायची आठवण त्यांना झाली नाही. माझी कापलेली टोकं मोकळी राहिली आणि तंतू सुटू लागले. ज्या बोटाने मला जपलं, त्याच बोटाने गाठ दाबून धरली होती. मित्रांनो, कात्रीचं दुःख मला नव्हतं. कात्री कोणाच्या हातात होती, त्याचं होतं.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी क्लासची माणसं एकेक करून वर आली आणि आपापल्या बाकावर बसली. लेखाचा विषय आला होता, शांतता. सगळ्यांनी पाठ केलेलं उतरवलं होतं. सगळ्यांच्या शेजारी एक दुकानदार राहत होता आणि शांतता नसल्यामुळे सगळ्यांच्या शेजाऱ्याचं दुकान बुडालं होतं. परीक्षकाने सगळ्यांचे लेख रद्द केले आणि वर शेरा मारला : या सर्वांचा शेजारी एकच आहे काय?

काकांनी हसायचा प्रयत्न केला. "बिचारा शेजारी. एका दिवसात कितीदा बुडाला!" कोणी हसलं नाही.

मावशी उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "सर, विषय शांतता होता. शांतता! माझ्याकडे माझं चाक होतं. प्रश्न वाचल्याबरोबर आठवलं. हात तिकडेच निघाला होता. मग तुमचे शब्द आठवले आणि मी तुमचा शेजारी लिहिला."

सरांनी माझ्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते माझी गाठ सोडतील. खरंच वाटलं, मित्रांनो. मी ताण सैल करून वाट पाहिली.

ते म्हणाले, "चूक झाली, मान्य. पुढच्या वेळी प्रत्येकाला वेगळा शेजारी देऊ."

मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपण चुकीच्या घराचं दार ठोठावल्यावर पाहतो. मग ती माझ्या गठ्ठ्यापाशी येऊन बसली. गाठ घट्ट झाली होती. सरांनी कात्री पुढे केली.

"राहू द्या. सुटते."

नखाने उचकत, दाताने ओढत तिने गाठ सोडवली. झेरॉक्सचे कागद जमिनीवर पसरले. मला बोटांभोवती गुंडाळून तिने पिशवीत टाकलं. "एवढी दोरी नेते, सर. तुम्हाला लागायची नाही."

दुसऱ्या गठ्ठ्याभोवतीचा माझा अर्धा भाग तिथेच राहिला. तो अजूनही नवे नवे शेजारी बांधून बसला असेल.

घरी आल्यावर मावशीने आधी काडी पेटवली आणि माझं सुटलेलं टोक वितळवून गोल केलं. तिचंही बोट भाजलं. या वेळी मी कसलंही वचन मानलं नाही. दोरीलाही एकदा पोळल्यावर कळतं. तिने मला खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत बांधलं.

"आई, कपाट कसं उघडायचं आता?" लेकीने विचारलं.

"खाली वाकून."

आता माझ्यावर चार पट्ट्या आणि लेकीचे दोन मोजे असतात. मावशीची पुढची परीक्षा शेवटची आहे. तिचं इंग्रजी अजून अडखळतं. ती पास होईल की नाही, ते मला माहीत नाही. रोज ती एक पट्टी काढते आणि स्वतःलाच विचारते, कोणाचं काही बिघडलं? मधली पट्टी मात्र ती काढत नाही. सरावासाठी तिने विषय घेतला आहे, विश्वास; म्हणून तिथे आता चाक नाही. तिथे लिहिलं आहे : माझ्या सरांनी मला माझं पाहिलेलं सोडायला सांगितलं आणि मी सोडलं. तेवढ्या एका कागदाने मला झोळ पडतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दोरी कापलीत तर तिची टोकं उघडी टाकू नका. गाठ सुटण्यासारखी असेल तर कात्री काढू नका. आणि कोणी विश्वासाने तुमच्यासमोर येऊन बसलं, तर त्याच्या हातातली खरी पट्टी काढून घेऊन तिथे उसना शेजारी लटकवू नका. तो लटकत नाही. त्याला वजनच नसतं.