तोकड्या पायाचं टेबल

मी हॅल्व्हरसन वकिलांच्या स्वयंपाकघरातलं टेबल बोलतोय. मेपलच्या लाकडाचा आहे, सहा माणसं आरामात जेवतील एवढा लांब. चार पाय आहेत, पण चौथा जरा तोकडा. आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच जाईल.

त्यात माझा काही दोष नाही. वर्नाच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी मला स्वतःच्या हातांनी घडवलं. म्हातारा उभ्या विस्कॉन्सिन राज्यात गुरांचे गोठे बांधत हिंडलेला. गोठ्याला बोटभर इकडे-तिकडे चालतं, टेबलाला चालत नाही. पण सासऱ्याला सांगणार कोण? वर्नाचा नवरा ऑरिन तेव्हा नुकताच वकील झाला होता. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सुंदर आहे." खोटं बोलताना मी त्याला तेवढंच एकदा ऐकलं.

ऑरिन फौजदारी खटले लढवायचा. समोर बारा माणसांची ज्युरी. कुणी शेतकरी, कुणी शिक्षिका, कुणी चीजच्या कारखान्यातला कामगार. बाराही जणांचं एकमत झालं, तरच निकाल. म्हणून शेवटचं भाषण तो आधी घरी करून बघायचा. रविवारी चर्चहून आल्यावर जेवणं उरकली, ताटं उचलली, की घरच्यांची ज्युरी माझ्याभोवती बसायची. पहिल्या वेळी वर्ना आणि तिची आई सेल्मा अशा दोघीच होत्या. ऑरिन दोन्ही मुठी माझ्यावर टेकवून, ओणवा होऊन गरजला. मी कललो. कॉफीचा कप आडवा झाला आणि सगळे कागद भिजले.

"कोर्टात असता तर ज्युरीच्या मांडीवर सांडली असती, वकीलसाहेब!" सेल्मा म्हणाली.

वर्ना फडकं घेऊन धावली. ऑरिनने मात्र एक भिजलेला कागद उचलून बघितला. मग म्हणाला, "आई बरोबर बोलतायत. मी समजावत नव्हतो, माणसांच्या अंगावर जात होतो." दुसऱ्या दिवशी सासरा रंधा घेऊन आला, तर ऑरिनने त्याला दारातूनच परत पाठवलं. "राहू द्या. मी अंगावर जायला लागलो की हे मला सांगतं."

तेव्हापासून माझी मान ताठ आहे. पाय तोकडा असला म्हणून काय झालं?

पुढे डेल झाला, मग सिग्नी. ज्युरी चौघांची झाली. भाषण पटलं तर हात वर करायचा, नाही पटलं तर खाली ठेवायचा. एक जरी हात खाली राहिला तर भाषण नव्याने. सेल्माचा हात सर्वांत आधी वर जायचा. "खांदा दुखतोय रे, लवकर आटप," म्हणायची. सिग्नीचा सर्वांत शेवटी. खटला कितीही मोठा असो, ऑरिन सहाला घरी. माझ्याच कडेला बसून त्याने दोन्ही मुलांचे पाढे घेतले, आणि रेडिओवर गाणं लागलं की माझ्याभोवती वर्नाला नाचवलं. नाचताना गडी मला हमखास धडकायचा.

एकदाच त्याचं चुकलं. लेस्टर नावाचा शेतमजूर, शेजाऱ्याची गवताची गंजी पेटवल्याचा आळ त्याच्यावर. ऑरिनने साक्षीदारांच्या चुका एकेक करून दाखवल्या. तीन हात वर गेले. सात वर्षांच्या सिग्नीचा खालीच.

"तू सगळ्यांच्या चुका सांगितल्यास, बाबा. पण लेस्टरकाका तेव्हा काय करत होता, ते कुठे सांगितलंस?"

ऑरिन दमला होता. त्याने घड्याळ बघितलं. "आज तीन हात पुरे," म्हणाला.

लेस्टरला दोन वर्षांची कैद झाली.

निकालाच्या संध्याकाळी सिग्नी माझ्याखाली जाऊन बसली ती बाहेर येईना. ऑरिन कोर्टाच्या सुटासकट खाली रांगत गेला. "मी हात वर केला असता तर लेस्टरकाका घरी आला असता ना?" तिने हुंदके देत विचारलं.

"नाही गं राणी. तुझा हात खाली होता तेच बरोबर होतं. तो दिसत असूनही मी तसाच गेलो. चूक माझी, तुझी नाही." दोघंही रडत होते. एवढ्या वर्षांत माझ्यावर खूप काही सांडलं, पण त्या संध्याकाळइतकं काही मनाला लागलं नाही. पुढची दोन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ऑरिन तुरुंगात जाऊन लेस्टरला भेटत राहिला. आणि सगळे हात वर झाल्याशिवाय पुन्हा कधी कोर्टात गेला नाही.

वर्षं गेली. सेल्मा गेली. सिग्नी वकील होऊन बापाच्याच खुर्चीवर बसली. आणि ऑरिन चौऱ्याहत्तरचा असताना फेब्रुवारीत, दारातला बर्फ उपसता उपसता पक्षाघाताने खाली कोसळला. जीव वाचला. उजवा हात गेला, आणि वाचा गेली. ज्याचं बोलणं ऐकायला कोर्ट भरायचं, त्याला मीठ मागता येईना. तो डाव्या हाताने सूप प्यायला लागला की मी डुगडुगायचो, सूप सांडायचं, तो ओशाळायचा. डेलने ते पाहिलं आणि माझ्या तोकड्या पायाखाली लाकडाची चकती स्क्रूने बसवून टाकली. पोराचं मन चांगलं होतं. पण मला विचारलं का कुणी?

त्याच वर्षी सिग्नीकडे ड्वेनचा खटला आला. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर. बर्फावरून टँकर घसरला आणि समोरच्या गाडीतली बाई गेली. बेदरकारपणे चालवत होता असा आरोप. ड्वेनला दोन लहान मुली. गुन्हा शाबीत झाला तर त्या मोठ्या होईपर्यंत बाप आत.

भाषणाच्या आदल्या रविवारी ज्युरी बसली. वर्ना, डेल आणि ऑरिन. सिग्नीने दोन्ही मुठी माझ्यावर टेकवल्या, ओणवी झाली आणि बापासारखीच गरजली. मी दगडासारखा घट्ट. काय करणार, चकती होती ना! वर्नाचा हात वर गेला, डेलचाही. ऑरिनचा डावा पंजा माझ्यावर सपाट पडून होता.

"अगं, त्याला कुठे हात उचलता येतोय," वर्ना हळूच म्हणाली.

वा! त्याच हाताने आत्ता दोन बटाटे खाल्ले होते. आणि आता तो मला दाबत होता. जोर लावून, मान लाल होईपर्यंत. मी ओळखलं त्याला काय हवंय. पण हलणार कसा?

"बाबा, पडशील!" डेल ओरडला.

"काय राहिलं, बाबा? ड्वेनचं काही राहिलं?" सिग्नीने विचारलं. ऑरिनने मान हलवली, नाही. आणि मग बुटाने माझ्या तोकड्या पायावर ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा.

सिग्नी गुडघ्यांवर खाली आली. लहानपणी बसायची तिथेच.

"डेल, हे तू लावलंस?"

"सूप सांडत होतं त्याचं."

"सांडू दे!"

खणातून स्क्रूड्रायव्हर आला आणि चकती निघाली. काय सांगू, किती मोकळं वाटलं मला! वर्नाने न विचारता कप काठोकाठ भरला आणि माझ्या मधोमध ठेवला. सिग्नीने पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला मुठी टेकल्या, मी कललो आणि कॉफी थेट तिच्या कागदांवर.

ऑरिन हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच, वाकड्या तोंडाने, खांदे हलवत.

"मी घाबरलेय, बाबा," सिग्नी म्हणाली. "म्हणून ओरडतेय." तिने ओले कागद बाजूला सारले, खुर्ची ओढून बसली, हात मांडीवर ठेवले आणि साध्या आवाजात सांगू लागली. त्या सकाळी ड्वेन किती हळू चालवत होता, घसरल्यावर त्याने काय काय केलं, आणि गाडीतल्या बाईचा हात धरून तो बर्फात किती वेळ बसून राहिला. कप हलला नाही.

ऑरिनचा डावा हात माझ्यावरून उठला. वर, आणखी वर, पार डोक्याच्याही वर गेला.

बुधवारी बारा जणांनी ड्वेनला निर्दोष ठरवलं. सिग्नी कोटही न काढता आत आली आणि दारातच उभं राहून तिने बापाकडे बघत हात वर केला. त्याने माझ्यावर टाळी वाजवली, एका हाताची.

पुढच्या थंडीच्या आत ऑरिन गेला. मी आता सिग्नीच्या घरी असतो. तिचा नवरा मोठा टापटिपीचा. येता-जाता माझ्या पायाकडे बघतो, मधूनच डिंकाची बाटली शोधतो. त्याला आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो, म्हणजे माझ्याकडे असलेले पाय जोडून. माझं काही दुरुस्त करू नका. कॉफी फडक्याने पुसता येते.

काल रविवार होता. सिग्नीचं भाषण झालं. नवऱ्याचा हात वर, वर्नाआजीचा वर. धाकट्या लेकीचा खाली. बाहेर गाडी थांबली होती, जायला उशीर होत होता.

सिग्नीने घड्याळ काढून माझ्यावर पालथं ठेवलं. "सांग बाळा," ती म्हणाली, "माझं काय राहिलं?"