डावीकडून शेवटची

तेजस्विनीने मोबाइल टीव्हीला जोडला, तेव्हा उज्वलाबाई गवार मोडत बसल्या होत्या. पडद्यावर गुलाबी भिंत उजळली. तिच्यापुढे गुडघ्यापर्यंत पांढरे बूट घातलेल्या मुली ओळीने उभ्या होत्या. उज्वलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“आबा, नीट बघा हं. साठ वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला कार्यक्रम आहे. गायक पुढे, या मुली मागे. दर शनिवारी घरोघरी बघायचे. चांगल्या घरच्या होत्या सगळ्या.”

“तुला काय माहीत? त्यांच्याकडे चहाला गेली होतीस?” रंगनाथराव म्हणाले. नाशकातल्या द्वारका चौकातल्या दुकानात आयुष्यभर टायर विकून त्यांचा आवाज अजूनही रस्त्यावरच्या गोंगाटाला पुरून उरेल असा होता.

“थट्टा नका करू ना. मला टीव्हीवरच्या त्या डान्स शोमध्ये नाचायला जायचंय. पप्पा म्हणतात, आबांना विचार.”

“त्या तिकडच्या गं. आपल्या घरातली बाई कधी कॅमेऱ्यापुढे नाचली नाही. मी आहे तोवर नाचणार नाही.” त्यांनी बायकोकडे पाहिलं. “काय?”

उज्वलाबाईंनी मान डोलावली.

पडद्यावर निवेदक अजून बोलत होता. मागे डावीकडून शेवटची मुलगी सोनेरी केसांची होती. तो केसांचा टोप होता. आत घाम साचायचा आणि कानशिलं ठणकायची. लग्नाआधी वहिनीच्या बाळंतपणाला म्हणून उज्वला शेखरदादाकडे अमेरिकेत गेली होती. दादाची शेजारीण त्या कार्यक्रमात नाच बसवायची. एका मुलीचा पाय मुरगळला, आणि नाशकात कथक शिकलेली ही मुलगी तालाला पक्की म्हणून त्या बाईने तिला उभं केलं. दादा एवढंच म्हणाला होता, “घरी कुणाला बोलायचं नाही.” दादाही आता नव्हता.

चेहऱ्यावर एवढा रंग होता की कुणी ओळखणार नव्हतं. पण पुढे काय येणार, ते त्यांना ठाऊक होतं. कॅमेरा सुरू झाल्याचा लाल दिवा लागलाय, हे त्या दिवशी तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“बंद कर गं ते. डोकं दुखतंय माझं.”

“थांब ना आजी, आता सुरू होईल.”

टाळ्या वाजल्या. बाकीच्या मुली पुतळ्यासारख्या हसऱ्या चेहऱ्याने उभ्या. शेवटची मात्र वाकली. जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, मग कानाची पाळी धरली. गुरुजींनी शिकवलेला नमस्कार. लगेच ड्रम वाजला आणि सगळ्या एकदम वळल्या.

“अय्या, नमस्कार! आजी, बघितलंस? ही कुठून शिकली असेल?”

“काहीतरी पडलं असेल तिचं,” उज्वलाबाई म्हणाल्या.

“मागे घे,” रंगनाथराव म्हणाले.

मुलगी पुन्हा वाकली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

“अजून एकदा.”

जमीन, कपाळ, कान.

“कर बंद,” ते म्हणाले आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ घराकडे होती. तेजस्विनी ओठ काढून दाराबाहेर पडली.

जेवताना त्यांनी गवारीला नाव ठेवलं नाही. एरवी गवार पाहूनच कुरकुर करणारा माणूस मान खाली घालून जेवला. उज्वलाबाईंनी आमटी वाढली तेव्हा पळी वाटीच्या काठावर वाजली. आता विचारतील, या भीतीने त्या टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत स्वयंपाकघरातच काहीबाही पुसत राहिल्या. त्यांनी विचारलं नाही. त्याचंच जास्त भय वाटलं.

सकाळी जाग आली तेव्हा ते जागेच होते, छताकडे बघत. उज्वलाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. फरशीवर पाऊल ठेवण्याआधी, लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज त्याच नमस्काराला निघतो, तसा हात आपसूक खाली निघाला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मागे घेतला, पदरात धरला, आणि पाय तसेच खाली टेकवले. फरशी गार होती.

त्या दारापर्यंत पोचल्या.

“अगं,” मागून आवाज आला. दुकानातला नव्हता तो आवाज.

त्या वळल्या नाहीत.

“नमस्कार राहिला तुझा.”